हरमेशच्या हातातलं गाडगं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दळण आणलं. ज्वारीचं. गिरणीतून येताना डबा माझ्या खांद्यावर, मी पुढं आणि सरू मागं. आमच्याकडं नवरा-बायको असेच चालतात. तिच्या उजव्या चपलेचा तळ सुटला होता. पाऊल टाकलं की चट्, उचललं की फट्. मी म्हटलं, "नवी घे की." ती म्हणाली, "दिवाळीला घेते." थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "अहो, जरा हळू." मी म्हटलं, "ये की." मागं वळून बघितलं नाही. बघायचं कारणच नव्हतं. माझा डावा कान सुरुंगांनी घालवला, पण उजव्या कानाला चट्-फट् ऐकू येत होतं, म्हणजे ती येत होती. घरी आल्यावर तिनं गरम पीठ परातीत पसरलं, भाकऱ्या केल्या, आणि निवडून ठेवलेली बाकीची ज्वारी पिशवीत बांधून फळीवर ठेवली, पुढच्या दळणाला. पहाटे उठलीच नाही.

हे प्रवासवर्णन आहे आणि सुरुवात गिरणीपासून झाली म्हणून कुणी हसेल. हसा. आमच्या वाचनालयाचे मास्तर म्हणाले, आबा, तुम्ही दिल्लीकडं जाऊन आलात, तिकडच्या त्या नव्या इमारती बघून आलात, गावातलं दुसरं कोण गेलंय? लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. पण बोलतो तसं लिहिता येतं एवढं मला कळतं. आणि माझा प्रवास गिरणीच्या रस्त्यावरून सुरू झाला, तर तिथूनच लिहिणार.

जन्मभर मी विहिरींना सुरुंग लावले. खडकाला भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची आणि चालू लागायचं. पळायचं नाही, पळणारा ठेचकाळतो. आणि मागं बघायचं नाही. सरूला अग्नी मीच दिला. मुलगा संजय दिल्लीला, उन्हाळ्याचे दिवस, तो पोचेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. भटजी म्हणाले, आता मागं वळून पाहू नका. मला हे शिकवायची गरज नव्हती. पेटवलं आणि चालू लागलो. मागं लोकांच्या पावलांचे आवाज होते. चट्-फट् नव्हतं. बायका म्हणत होत्या, अहेव गेली, नशीबवान. मी म्हटलं, कुणाचं नशीब? 

रक्षा अर्धी कृष्णेत सोडली. अर्धी गाडग्यात ठेवली, कारण सरूला गंगा बघायची होती. संजय म्हणाला, "आबा, दिल्लीला या. तिथून गढमुक्तेश्वर जवळ आहे, गाडीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत." मी हो म्हटलं आणि गेलो नाही. गाडगं परसातल्या चिंचेला टांगलेलं राहिलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. शेवटी थंडीत संजयनं तिकीटच पाठवलं. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाडगं, फळीवरची ज्वारीची पिशवी आणि मी, असे निघालो. रेल्वेचं काही लिहीत नाही. बसलो आणि उतरलो.

गुडगाव

दिल्ली ओलांडून संजयची गाडी पुढंच चालली. दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली, पिवळी जर्द, आणि त्या पिवळ्यात मधेच काचेच्या इमारती. जणू कुणी शेतात आरसे पेरलेत. एका काचेच्या इमारतीखाली म्हशी बसल्या होत्या. संजय म्हणाला, "बाहेरच्या कंपन्या आल्या ना आबा, आता सगळं इकडंच होणार." रस्ता मात्र अजून झालेला नव्हता. गाडीत गाडगं मांडीवर घट्ट धरून बसलो होतो.

त्यांच्या सोसायटीच्या दाराला दोन पांढरे खांब, एवढे जाड की मला वाटलं वर देऊळ असणार. वर काही नव्हतं, आभाळ होतं. खडक ठोकून बघायच्या सवयीनं मी बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं. ठण् नाही, टप् झालं. दारावरचा राखणदार हसला. रामफल त्याचं नाव, हरियाणाचा, फौजेतून आलेला, मिशा झुपकेदार. म्हणाला, "बाऊजी, अंदर से खाली हैं। दिखाने के हैं।" मला माणूस आवडला.

आत चार इमारती. प्रत्येकीवर इंग्रजीत नाव. मी रामफलला विचारलं तर म्हणाला, "आपका बेटा हरमेश टावर में है जी।" इमारतीसमोर कारंजं, कारंज्याला पाणी नाही, आणि मधोमध हरमेशचा पुतळा. तरणा पोरगा, डोक्यावर टोपी, एका हातात काठी, काठीला दोन साप. दुसरा हात पुढं केलेला, कुणाला तरी धरायला करतात तसा. अंगावर खांद्यावरच्या पंच्याशिवाय काही नाही. मी मनाशी ठरवलं, हा बिल्डरचा मुलगा. अकाली गेला असेल, साप चावून, म्हणून बापानं पुतळा उभारला. उघडानागडा का केला ते मात्र कळेना. त्या थंडीत त्याच्याकडं बघून मलाच काकडायला झालं.

आता अडचण आली. अस्थी घरात नेत नाहीत. आमच्याकडं झाडाला टांगतात. संजयचं घर सातव्या मजल्यावर. सून अस्मिता लिफ्टपर्यंत खाली आली होती. तिचं सगळं बालपण दिल्लीतलं, बाप केंद्र सरकारात नोकरीला होता. मराठी बोलते, पण मधेमधे शब्द गळतात. ती म्हणाली, "आत घेऊन या ना आबा, कोई बात नहीं. आईच आहेत ना?"

पोर चांगलं बोलली. पण मी म्हटलं, "रीत आहे ती आहे. झाड कुठाय?"

झाड नव्हतं. लोखंडी पिंजऱ्यात काड्या उभ्या होत्या, त्यांची झाडं व्हायला अजून वेळ होता. संजय इकडं बघ, तिकडं बघ. तेवढ्यात रामफल म्हणाला, "हरमेश जी के हाथ पे टाँग दो बाऊजी। ऊँचे हैं, कुत्ता नहीं पहुँचेगा। और चौबीस घंटे मेरी नज़र में।"

मी पुतळ्याकडं बघितलं. पुढं केलेला हात रिकामाच होता. बिल्डरचा पोरगा तर पोरगा, आपल्यासारखंच त्याच्या घरी कुणीतरी रडलं असेल. मी फडक्याची गाठ त्याच्या मनगटाला बांधली आणि म्हटलं, "बाबा हरमेश, दोन दिवस सांभाळ."

दोन दिवसांचे किती झाले ते विचारू नका. पहिल्या रविवारी धुकं पडलं, समोरची इमारतही दिसेना. ते खरं होतं. पुढच्या रविवारी मी म्हटलं पाय दुखतो. संजयनं माझ्याकडं बघितलं. "आबा, पाय दुखतोय की..." म्हणाला आणि गाडीची किल्ली खुंटीला परत लावली. मी रोज सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन कारंज्याच्या कठड्यावर बसायचो. गाडगं वाऱ्यानं थोडं हलायचं. हललं की बरं वाटायचं. गंगेत सोडलं की मग काय हलणार होतं? लोकांना वाटत होतं मला गंगेपर्यंत जायचंय. मला जायचं नव्हतं. हे मी कुणाला बोललो नाही.

एक दिवस वरच्या मजल्यावरच्या बाई कुत्रं फिरवत आल्या. रामफलला म्हणाल्या, हे काय बांधलंय, मुलं घाबरतात, काढा. मी उठायला लागलो. रामफलनं टाच आपटून सलाम ठोकला आणि म्हणाला, "मैडम, हरमेश जी के हाथ में है, आपके हाथ में थोड़े ही है।" बाई कुत्र्यासकट निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी पुतळ्याच्या पायाशी झेंडू पडलेले दिसले. मंगळवारी कुणीतरी शेंदूरही लावला. त्याच्या चपलांना पंख होते, ते बघून मारुतीच्या कुळातला समजले असतील.

खायचं म्हणाल तर अस्मिता हाताला चवीची. राजमा म्हणजे आपल्या घेवड्याच्या जाड्या बिया, भाताबरोबर बऱ्या लागतात. पण भाकरी नाही. मी ज्वारीची पिशवी दाखवून म्हटलं, "दळण आणायला पाहिजे." ती म्हणाली, "दलन? म्हणजे काय आबा?" मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा, आटा पिसवायचा! आम्ही तर पाकीट आणतो." हा शब्द तिच्या घरातून कधी गेला ते तिलाही ठाऊक नव्हतं. मी पिशवी पुन्हा बांधून ठेवली. खरं म्हणजे तीही मला उघडायची नव्हती. सरूनं बांधलेली गाठ होती.

करोल बाग

अस्मिताचे आई-वडील निवृत्त होऊन नागपूरला गेले, तेव्हापासून तिचं दिल्लीतलं माहेर म्हणजे रूथमावशी. करोल बागेत त्यांच्या शेजारी राहायच्या. मराठी ख्रिस्ती, मूळच्या नगरकडच्या, कॉलेजात जुना इतिहास शिकवायच्या, लग्न केलेलं नाही. त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं.

वाटेत गोल बाजार लागला, सगळा पांढऱ्या खांबांचा. अस्मिता म्हणाली, "आबा, हे पण आपल्या गेटसारखे ग्रीक स्टाइलचे. मावशी सांगायच्या." मी गाडी थांबवून ठोकून बघणार होतो, संजय नको म्हणाला.

करोल बागेत गर्दी अशी की साड्या, सोनं आणि मोटारीचे सुटे भाग एकाच दुकानात मिळतील असं वाटावं. जिना चढून गेलो. भिंतीवर येशूचं चित्र आणि खाली वाटीत तिळगूळ. मी बघत राहिलो तेव्हा रूथबाई म्हणाल्या, "घ्या भाऊ. संक्रांत काय एकट्या हिंदूंची आहे? माझी आई तर हलव्याचे दागिनेसुद्धा करायची." मटणाचा रस्सा केला होता, चपात्या होत्या. म्हणाल्या, "भाकरी करणार होते, पण इकडे ज्वारी म्हणजे म्हशीचा चारा."

जेवताना त्यांनी हळूच विचारलं, "वहिनींचं गंगेचं झालं का?"

मी रस्सा ओरपत राहिलो. संजय ताटात बघत राहिला. अस्मितानं विषय हलका करावा म्हणून सांगितलं, "मावशी, आबांनी ते हरमेशकडे ठेवलंय."

"हरमेश कोण?"

"सोसायटीतला पुतळा," मी म्हटलं. "बिल्डरचा मुलगा. साप चावून गेला."

अस्मिता आणि संजय एकमेकांकडं बघायला लागले. हसावं की नाही ते त्यांना कळेना. रूथबाईंनी मात्र विचारलं, "दिसतो कसा?"

मी सांगितलं. टोपी, काठी, दोन साप, पुढं केलेला हात.

"चपलांना पंख आहेत?"

"आहेत."

बाईंनी पळी पातेल्यात ठेवली. "भाऊ, तो बिल्डरचा मुलगा नाही. तो हर्मिस. ग्रीकांचा देव. देवांचे निरोप नेणारा, वाटसरूंना राखणारा. आणि त्याचं आणखी एक काम आहे. मेलेल्या माणसाला हाताला धरून तो पाताळाच्या नदीपर्यंत पोचवतो. वाट चुकू देत नाही."

ताटातला हात तसाच राहिला. मी तर फक्त कुत्रं पोचणार नाही म्हणून बांधलं होतं.

संजय म्हणाला, "बिल्डरला तरी माहीत असेल का हे?"

"त्याला कॅटलॉगमध्ये चित्र आवडलं असेल," बाई म्हणाल्या. "पण देव चुकून आला तरी देवच."

मग त्या ग्रीकांबद्दल बोलत बसल्या. माणसांची मतं मोजून राज्य चालवायची चाल त्यांनी पाडली, नाटकं त्यांनी केली, धावण्याच्या शर्यतींना देवाच्या जत्रेसारखं मानलं. आणि आपल्यात त्यांचे शब्द राहून गेलेत म्हणे. पंचांगातला होरा त्यांचा. केंद्र त्यांचं. मी म्हटलं, "केंद्र? म्हणजे आम्ही गावाकडं दिल्लीला म्हणतो ते केंद्र?" "तेच," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही काय काम करायचा?"

"सुरुंग लावायचो."

बाई टाळी वाजवून हसल्या. "सुरुंगसुद्धा त्यांचाच! त्यांच्यात सिरिंक्स म्हणजे नळी. त्याचं झालं सुरुंग."

घ्या. चौथी शिकलेला माणूस जन्मभर ग्रीक बोलत होता आणि सरू त्याला अडाणी म्हणत होती. हे तिला सांगायला पाहिजे असं मनात आलं, आणि मग आठवलं.

त्यांच्या मेलेल्यांच्या रीतीही विचारल्या. पाताळाच्या नदीवरच्या नावाड्याला द्यायला म्हणून प्रेताच्या तोंडात नाणं ठेवायचे. मी म्हटलं, आम्ही सोन्याचा मणी ठेवतो. सरूच्या तोंडात मी तिच्याच मंगळसूत्रातला ठेवला होता. पलीकडं कुत्रं बसलेलं असायचं, तीन डोक्यांचं. बाई म्हणाल्या, आपल्या यमाच्या दारातही दोन आहेत. इतक्या लांबची माणसं, पण मरणाच्या वाटेवर त्यांनीही तेच बघितलं, कुत्रं आणि नदी.

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. ऑर्फियस नावाचा गवई होता. मी त्याला गवईच म्हणतो, नाव माझ्या जिभेला वळत नाही. त्याची बायको साप चावून मेली. (सापाचं मी अगदीच चुकीचं सांगितलं नव्हतं.) हा जिवंतपणी पाताळात उतरला. गायला. कुत्रं निजलं, राजाराणी विरघळली. म्हणाले, ने तिला. तू पुढं चाल, ती मागं येईल. वर उजेडात पोचेपर्यंत मागं वळून बघायचं नाही. गवई चालला. सगळा चढ चढला. अगदी दाराशी आला आणि वळला. ती तिथंच होती. त्यानं बघितलं आणि ती परत गेली.

मी रागावलो. खरंच रागावलो. "गाढव होता काय?" म्हटलं. "एवढं एक सांगितलं होतं! मी बघितलं नाही. अग्नी दिला आणि सरळ चालत आलो. त्याला दारापर्यंत निभवेना?"

संजय म्हणाला, "आबा, गोष्ट आहे ती."

"गोष्ट असली म्हणून काय झालं?"

रूथबाई माझ्यावर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, अडीच हजार वर्षं लोक हेच विचारतायत. का वळला? कुणी म्हणतं प्रेमानं. कुणी म्हणतं शंका आली. तुम्हाला काय वाटतं?"

 मी तिळगुळाची वडी तोंडात टाकली. ती विरघळत गेली. आणि मग मला गिरणीचा रस्ता दिसला.

"आवाज आला नसेल," मी म्हटलं.

"काय?"

"बाई, तो गवई. कानाचा माणूस. ती मागं येतेय म्हणून सांगितलं, पण मेलेल्या माणसाच्या पायांना आवाज कुठला? एवढा चढ चढला, मागं पाऊल वाजलं नाही. जन्मभर ज्याच्या मागं पाऊल वाजत आलं तो किती चालेल? मसणवटीतून येताना मागं चट्-फट् नव्हतं. मी बघितलं नाही, ते मी लई शहाणा म्हणून नाही. मला कुणी ती मागनं येतेय असं सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर मी त्याच्या आधी वळलो असतो."

हे बोललो आणि जे इतके महिने आलं नव्हतं ते आलं. लोकांच्या घरी, उष्ट्या हातानं. संजयनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तोही पोरका झाला होता, हे माझ्या त्या दिवशी ध्यानात आलं.

रूथबाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "एक राहिलं सांगायचं. त्या लोकांनी हा प्रसंग दगडात कोरलाय. त्यात तिघं उभे आहेत. तो वळलेला, ती, आणि हर्मिस. तिला परत न्यायला तोच आलाय. पण ओढत नाही तिला. नुसता हात धरून उभा आहे."

म्हणजे ती एकटी गेली नाही.

परत निघालो. सोसायटीचे पोकळ खांब दिसायला लागले तेव्हा मी संजयला म्हटलं, "रविवारी जाऊ. धुकं असलं तरी."

गढमुक्तेश्वर

धुकं होतंच. उजाडायच्या आत खाली उतरलो. रामफलनं मफलर काढला, सावधान उभा राहिला आणि पुतळ्याला म्हणाला, "हरमेश जी, आपकी ड्यूटी पूरी।" मी त्याला खरं नाव सांगितलं नाही. हरमेश काय नि हर्मिस काय, हाक पोचल्याशी मतलब. गाठ थंडीनं आवळली होती, चौथऱ्यावर चढून मलाच दातांनी सोडवावी लागली. निघताना मी त्याच्या चपलेच्या पंखाला हात लावून नमस्कार केला.

यमुना ओलांडली. पाणी काळं, वर साबणासारखा फेस. पाताळातली नदी बघायला ग्रीकांना एवढ्या लांब जायची गरज नव्हती. पुढं उसाच्या गाड्या, विटांच्या भट्ट्या. एका टपरीवर आल्याचा चहा घेतला, मातीच्या कुल्हडातून. गाडगं अस्मिताकडं दिलं तर तिनं ते चहा न पिता दोन्ही हातांनी धरलं. बघणाऱ्याला वाटावं तान्हं मूल आहे.

गंगा मला नीट दिसलीच नाही. घाट होता, पायऱ्या होत्या आणि पुढं पांढरं. पंड्यानं नाव, गोत्र विचारलं, कुठून आलात विचारलं. म्हणाला, "महाराष्ट्र! पानिपत वाले?" मी म्हटलं, आम्ही सांगलीवाले. त्यानं मंत्र म्हटले आणि बजावलं, "विसर्जन के बाद मुड़कर मत देखना बाबूजी। आत्मा को मोह होता है।"

संजय माझ्याकडं बघायला लागला. अस्मिताही. मी म्हटलं, "मला काय बघताय? मला येतं ते."

नावेत बसलो. नावाडी म्हातारा, माझ्याच वयाचा, अंगात फाटका स्वेटर. मधे नेऊन त्यानं वल्ही थांबवली. गाडग्याचं तोंड मी धरलं, बूड संजयनं. रक्षा पाण्यात पडताना आवाज होत नाही. मागून फुलं सोडली, मग गाडगं. ते थोडा वेळ तरंगलं, पाणी प्यालं आणि कलंडलं.

नाव वळली. काठ आमच्यासमोर, ती जागा आमच्या पाठीमागं. मी मान ताठ धरली. समोर नावाडी. आता ज्यांनी नाव बघितली नसेल त्यांच्यासाठी लिहितो, वल्ही मारणारा जायच्या दिशेला तोंड करून बसत नाही. त्याची पाठ काठाकडं आणि तोंड आमच्याकडं. म्हणजे माझ्या मागचं सगळं त्याला दिसत होतं. रोज, दर माणसामागं, तो तेच बघत असणार.

मी विचारलं, "भैया, पीछे क्या दिखता है?"

त्यानं वल्ही न थांबवता बघितलं. "फूल दिख रहे हैं बाबूजी।"

"रुके हैं?"

"ना जी। जा रहे हैं।"

"कैसे जा रहे हैं?"

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. त्यानं डोळे बारीक केले. "आराम से," म्हणाला. "कोई जल्दी नहीं।"

अहो, जरा हळू.

थोड्या वेळानं मी पुन्हा विचारलं, "और अब?"

"अब धुंध है। अब नहीं दिखते।"

मी मान सैल सोडली. त्या गवयाला एवढा एक नावाडी मिळायला पाहिजे होता, तोंड मागं करून बसलेला. त्याला वळावं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी

उठलो, ज्वारीची पिशवी काढली आणि सरूनं बांधलेली गाठ सोडली. ज्वारी हातावर घेऊन बघितली. एक खडा नाही. डब्यात ओतली. अस्मिता ऑफिसला जायच्या तयारीत होती. म्हणाली, "आबा, दलन?"

"दळण," मी म्हटलं.

"दळण," ती म्हणाली. "थांबा, मी पण येते. मला भाकरी शिकायची आहे. ऑफिसला उशिरा जाईन."

इमारतींच्या मागं जुनं गाव तसंच्या तसं आहे. खाटा, हुक्के, शेणाच्या गोवऱ्या. तिथं चक्की सापडली. चक्कीवाल्यानं डब्यात हात घातला आणि विचारलं, "ज्वार? भैंस के लिए पिसवानी है ताऊ?" अस्मितानं त्याला हिंदीत असं काही झापलं की तो चक्की पुसून दळायला लागला. पीठ गरम होतं. मी वास घेतला. तोच होता.

डबा खांद्यावर घेऊन निघालो. मी पुढं, अस्मिता मागं. मोहरीच्या कडेनं पायवाट, वर ऊन पडायला लागलेलं. थोडं चाललो आणि माझे पाय अडखळले. मागं काही वाजत नव्हतं. तिच्या पायात ते कापडी बूट असतात, रबरी तळाचे, त्यांचा आवाज होत नाही.

मी थांबलो. वळून बघितलं.

ती होती. ओढणी सावरत, चिखल चुकवत येत होती. "काय झालं आबा?"

"काही नाही. ये."

पुढं चाललो. थोड्या वेळानं पुन्हा वळलो. तरी होती. मग घर येईपर्यंत मी असाच चाललो, हळू, मागं बघत बघत.